तिचं पान चालू राहिलं

मी मुळात वर्गात कमी आणि खिडकीबाहेर जास्त असणारी बाई. आमचे हेडमास्तर हे तोंडावर म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. आमची शाळा मुळशी धरणाच्या फुगवट्याच्या वर, डोंगराच्या सोंडेवर आहे. तीन खोल्या, एक लांब व्हरांडा, सातवीपर्यंतचे वर्ग. भाद्रपदात धुकं पाण्यावरून उठतं, चढण चढून व्हरांड्यात येतं आणि सरळ वर्गात शिरतं. मग मागच्या ओळीतल्या मुलांचे नुसते आवाज ऐकू येतात. अशा ठिकाणी नोकरी करून कुणी खिडकीबाहेर बघत नसेल, तर त्याच्याकडेच एकदा नीट बघायला हवं. मी राहते खाली नेऱ्यात, भाताच्या खाचरांना चिकटून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत. सकाळी स्कूटर काढायची, शहराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या उलट दिशेला निघायचं आणि पौड मागे पडलं की श्वास मोकळा सोडायचा, हा माझा नेम. माझी अर्धी झोप रस्त्यातच पुरी होते, असं घरचे चिडवतात.

त्या वर्षी खालच्या आयटी पट्ट्यातल्या एका कंपनीने आजूबाजूच्या काही शाळांना लॅपटॉप द्यायचं ठरवलं. नांदे, चांदे, नेरे आणि वरच्या अंगाला आम्ही. लॅपटॉप स्वस्तातले असणार हे उघड होतं, पण कसले घ्यायचे ते शाळांनी ठरवावं, असं कंपनीचं म्हणणं. त्यासाठी एक समिती झाली. अध्यक्ष म्हणून नांद्यातले एक जुने शेतकरी नेमले. त्यांच्या निम्म्या रानात आता इमारती होत्या आणि उरलेल्या निम्म्यात भाड्याच्या खोल्या, तरी ते रोज सकाळी टोपी घालून बांधावर चक्कर मारायचे. शिकलेले बेताचे, पण समितीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. कंपनीकडून एक तरुण मुलगा यायचा. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलायचा आणि सगळ्यांना सर म्हणायचा, मलासुद्धा.

टेबलावर दोन नमुने ठेवले होते. एक जाडजूड, कुठल्यातरी ऑफिसात वापरून झालेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला. त्याच्या कळांवरची अक्षरं पुसट झाली होती, पण जे लिहाल ते त्याच्या पोटात राहायचं. दुसरा नवा कोरा, पातळ, अगदी हलका. त्याच्यात स्वतःचं असं जवळजवळ काहीच राहत नव्हतं. मुलांनी लिहिलेलं सगळं दूर कुठल्यातरी मोठ्या संगणकांवर जाऊन बसायचं आणि आपलं नाव आणि परवलीचा शब्द घातला की कुठल्याही गावातून, कुठल्याही यंत्रावरून ते उघडायचं. त्याला क्लाऊड म्हणतात हे सांगून झालं, आणि त्यावर ढगाचा विनोदही प्रत्येकाने एकेकदा करून घेतला.

अध्यक्षांनी हलका लॅपटॉप बाजारात बोकड जोखतात तसा दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"ह्यात काय न्हाई म्हनता," ते म्हणाले, "मग आपन घेतुया काय?"

"सर, तोच तर पॉइंट आहे," कंपनीचा मुलगा म्हणाला. "मशीन पडलं, भिजलं, हरवलं, तरी मुलांचं काम सेफ."

"पडायच्या आदी धरू की मग. पडू कशापायी द्यायचं?"

आमच्या हेडमास्तरांनाही जाडाच हवा होता. त्यांचं बरोबर होतं. आमच्या डोंगरावर वीज येते-जाते आणि मोबाईलची रेंज व्हरांड्याच्या एकाच कोपऱ्यात उभी असते. तिथे आम्ही एक स्टूल कायम ठेवलेलं आहे. ज्या यंत्राचा जीव इंटरनेटमध्ये, ते यंत्र आमच्याकडे कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. मी मात्र हलक्यासाठी हटून बसले. मी सहसा बैठकीत तोंड उघडत नाही, त्यामुळे हेडमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

माझ्या डोक्यात एक मुलगी होती. सहावीतली. शाळेच्या वर अर्ध्या तासाच्या चढणीवर एक वाडी आहे, कुडाच्या भिंतींची घरं, माणसं मजुरीवर आणि रानातल्या मिळकतीवर जगणारी. दिवाळी झाली की त्यातली निम्मी माणसं ट्रकमध्ये बसून वीटभट्ट्यांवर जातात. कुठल्या भट्टीवर, ते मुकादम सांगेल तसं. परततात ती उन्हाळ्यात, बरोबर गेलेल्या मुलांची शाळा तेवढ्यात बुडते ती बुडतेच. आदल्या वर्षी सातवीतली एक मुलगी अशीच गेली. उन्हाळ्यात वाडीवर परत आली तेव्हा तिच्या गळ्यात काळी पोत होती. शाळेच्या वाटेने जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही हाक मारली नाही. सहावीतली ही मुलगी तिच्याच शेजारच्या घरातली. प्रश्न विचारण्याची तिला खोड होती. पाणी उताराकडेच का जातं, इंग्रजीत झाडाला लिंग का नाही, असलं काही. ती गेली आणि परत आली नाही, तर मला ते सहन होणार नव्हतं. मी समितीला हे असंच सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य गाळून. म्हटलं, पोर जिथे जाईल तिथे तिचं लिहिलेलं तिच्याबरोबर जाईल, असं यंत्र घ्या. भट्टीजवळ एखादी शाळा असेल, कुणाकडे फोन असेल, ती तिथून उघडेल. नाव पटावर असून नसल्यासारखं होणार नाही.

अध्यक्ष थोडा वेळ टोपीशी खेळत बसले. मग म्हणाले, "बाई म्हनत्यात तर त्यांच्या शाळंत हलकी देऊन बगा सा म्हैने. चालली तर समद्यांना तीच."

असे ते हलके लॅपटॉप आमच्याकडे आले. डोंगरावरच्या दमटपणाने आमचे खडूसुद्धा मऊ पडतात, तेव्हा ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी तो सोडवला. तांदळाची मोठी कोठी होती, तिच्यात गोणपाटात गुंडाळून तांदळाच्या वर ते ठेवायचे. त्यामुळे आमचे लॅपटॉप उघडले की आधी आंबेमोहोराचा वास यायचा. कंपनीचा मुलगा एकदा पाहणीला आला, तेव्हा त्याने तीन वेळा वास घेऊन पाहिला आणि काही विचारलं नाही.

मुलं भराभर शिकली. प्रत्येकाचं एक पान होतं. त्यावर रोज चार ओळी लिहायच्या, मनात येईल ते. रेंज नसेल तेव्हा लिहिलेलं यंत्रातच थांबायचं आणि लॅपटॉप स्टुलाजवळ नेला की आपोआप वर निघून जायचं. मुलं रांगेत उभी राहून आपापलं लिहिलेलं पाठवायला न्यायची. फक्त परवलीचा शब्द गुप्त ठेवायचा असतो, ही गोष्ट काही केल्या कुणाच्या पचनी पडेना. वाडीवर कुठल्याही दाराला कुलूप नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीला आपला शब्द सांगायचा नाही म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नीट पटवून देता आलं नाही. एक गोष्ट मात्र मी वर्गात पुन्हा पुन्हा बजावली होती. ज्याचं पान त्याच्या शब्दाने कुणी उघडत नाही, त्याचं खातं काही दिवसांनी आपोआप बंद पडतं. कंपनीच्या मुलानेच तसं सांगितलं होतं. सुट्टीतसुद्धा उघडत जा, असं मी म्हणायची.

दिवाळीनंतर ट्रक आला. मुलगी निघायच्या आधी शाळेत येऊन गेली. मी तिला सगळं समजावलं, तिकडच्या शाळेत जा, तिथल्या बाईंना सांग, नाहीतर कुणाच्या फोनवरून उघड. ती मान डोलवत होती. तिचं लक्ष मैत्रिणींकडे होतं, त्या व्हरांड्यात घोळका करून उभ्या होत्या. मग ती त्यांच्यात गेली आणि बराच वेळ सगळ्यांची डोकी एकत्र होती.

पहिले काही दिवस तिच्या पानावर नवं काहीच आलं नाही. मी संध्याकाळी घरी ओट्याशी कुकर लावून फोनवर माझ्या खात्यातून मुलांची पानं वाचायची, तिचं सगळ्यात आधी उघडायची. आणि एका संध्याकाळी ते भरलेलं दिसलं. मी गॅस बारीक केला. तिने लिहिलं होतं, मी पोचले, इथे एक मोठी नदी आहे, मी पाण्यात पाय सोडून बसते.

मी पाटावर बसूनच घेतलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून गेलं आणि त्या दिवशी भाताचा लगदा झाला.

त्यानंतर रोज. तिने लिहिलं, भट्टी पेटली की सगळीकडे लाल उजेड पडतो आणि थंडी वाजत नाही. लिहिलं, काठावर चिंचेचं झाड आहे, त्याला झोका बांधला आहे. मालकाने जिलेबी वाटली. एक पांढरी कुत्री आहे, ती माझ्याच मागे येते. इथे शाळा आहे, इथल्या बाई आमच्या बाईंपेक्षा उंच आहेत आणि ओरडत नाहीत. हे वाचून मला जरा लागलं, पण मी ते गोड मानून घेतलं. त्या थंडीत मी स्कूटरवरून जाताना खाचरांतली वाळकी खोडं बघायची आणि मला ती नदी दिसायची. तिचा काठ, झोका, संध्याकाळचा लाल उजेड, पाण्यात सोडलेले पाय. मला वाटायचं, कधीतरी जाऊन यावं तिथे. मी न बघितलेलं गाव इतकं ओळखीचं झालं, की नेऱ्यातल्या आमच्या जिन्यावर विटांची रास दिसली तरी बरं वाटायचं.

हेडमास्तरांनीही वाचलं. ते म्हणाले, "इथे होती तेव्हा आठवड्यातून दोनदा दांडी मारायची. तिकडे रोज हजर. कमाल आहे." मग ते स्वतःशीच म्हणाले, "नेहमी शाळेच्याच वेळेत लिहिते." मी म्हटलं, शाळेतूनच लिहीत असणार ना. त्यांनाही ते पटलं.

मी कंपनीच्या मुलाला कळवलं. तो हरखून गेला. माघात सगळ्या शाळांसाठी निवड व्हायची होती, त्या बैठकीत हे तुम्हीच सांगा म्हणाला. अध्यक्षांनाही त्याने फोन केला होता. ते फक्त इतकंच म्हणाले म्हणे, मग घ्या तसलंच.

बैठकीच्या आधीच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी वाडीवर निघाले. मुलीचं घर बंद असणार हे ठाऊक होतं, पण वाडीवर मागे राहिलेली माणसं होती. त्यांना तिची ख्यालीखुशाली सांगावी, एवढाच बेत. ऊन अजून तापलं नव्हतं. खाली धरणाचं पाणी दूरवर पसरलं होतं आणि करवंदीच्या जाळ्यांतून वाट वर जात होती. वळणावर आले आणि मला धूर दिसला. तिच्या घराच्या छपरातून धूर निघत होता.

मी धावले. इतक्या वर्षांत मी त्या चढणीवर कधी धावले नव्हते. अंगण नुकतंच शेणाने सारवलेलं होतं, ओलं होतं. दार उघडं. मी उंबऱ्यात उभी राहून तिला हाक मारली.

आत चुलीपुढे एक बाई बसली होती. ती आमच्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीची आई. चूल पेटलेली, वर काहीच ठेवलेलं नाही.

"आली का ती?" मी विचारलं.

"कोन? न्हाई वो बाई. ती मानसं कुटली आत्ता येत्यात." तिने काटकी आत सारली. "घर राखतुया. बंद घराला धूर लागला न्हाई तर कुडाला वाळवी लागती. आमी पाळीनं येतो, चूल पेटवायची, सारवायचं. आल्यावर घर पडलेलं दिसू ने मानसाला."

मी उंबऱ्यावर बसले. धाप लागली होती. तेवढ्यात तिची मुलगी सरपणाची मोळी घेऊन आली. मला बघून लाजली, मग आपण होऊन सांगू लागली, कारण तिला वाटलं मी त्याचसाठी आले आहे.

"बाई, तिचं पान बी आमी राखतुया. पाळीनं. मंगळवार माझा असतुया."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, पान म्हणजे?

"ती जाताना शब्द सांगून गेली की. तुमीच म्हनला हुता, कुनी उगडलं न्हाई तर बंद पडतंय म्हून. आमी एक बी दिस चुकवला न्हाई."

"आणि नदी?"

"ती मी लिवली. मला नदी आवडती."

"जिलेबी?"

तिने वर्गातल्या एका खादाड पोराचं नाव घेतलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "आदी नुसतं उगडून बगायचो. पन पान मोकळं कसं सोडायचं? काय तरी लिवायलाच पायजे. मग तिला तितं बरं असावं असंच लिवलं."

उंच बाई कुणी लिहिल्या ते मी विचारलं नाही.

मला राग आला नाही. येणार तरी कशाचा? त्यांनी वाडीचीच रीत लॅपटॉपवर चालवली होती. गेलेल्याचं घर मागच्यांनी राखायचं. पण त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या मी मनातून एकेक गोष्ट खोडत गेले. नदी नव्हती, झोका नव्हता, कुत्री नव्हती. ट्रक गेला तेव्हापासून मला त्या मुलीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ती शाळेत जाते का, आजारी आहे का, तिचंही कुठे ठरवून टाकलं आहे का. मी चुलीपुढच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, संक्रांतीला मुकादमाच्या फोनवरून एकदा बोलणं झालं, बरी हाय म्हनली, शाळंचं काय न्हाई बोलली. एवढंच.

उतरताना खालचं पाणी दिसत होतं, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

बैठक चांद्याच्या शाळेत होती. मला कौतुकाने पहिल्या ओळीत बसवलं. मी उभी राहिले आणि जसं घडलं तसं सांगून टाकलं. मुलगी लिहीत नव्हती, वर्ग लिहीत होता. भट्टीवरून तिला पान उघडता आलं की नाही, मला माहीत नाही, बहुधा नाहीच. ज्या कारणासाठी मी हलका लॅपटॉप मागितला, ते कारण अजून सिद्ध झालेलं नाही.

कंपनीच्या मुलाचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नव्हता. पण त्याने पेन बाजूला ठेवलं आणि समजावून सांगितलं, की दुसऱ्याच्या शब्दाने खातं उघडणं नियमात बसत नाही, सगळ्यांचे शब्द बदलावे लागतील आणि जी मुलं स्वतः उघडत नाहीत त्यांची खाती मग बंद होणार. म्हणजे तिचं पान जाणार. ती परत आली, वर्गात बसली आणि तिच्या पुढ्यात काहीच उघडलं नाही, तर पुन्हा वाडीकडे वळायला तिला तेवढं निमित्त पुरलं असतं.

हेडमास्तर उठले. मला वाटलं, आता जाडा लॅपटॉप मागतील. ते म्हणाले, "मुलांनी नियम मोडला. पण दोन महिने एकही दिवस न चुकता काम केलं. असं माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या वर्गाने केलेलं नाही." आणि खाली बसले.

मग सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमच्याकडं शेजारी गाव सोडून गेला की आमी काय करतो? त्याचा बांध कोरतो," ते म्हणाले. "दर साली वीतभर. त्यो परत येईस्तवर त्याचं रान निम्मं आमचं हुतंय. मी बी केलंय, हितं बसलेल्या समद्यांनी केलंय." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "हलकंच घ्या. पन भट्टीवर गेलेल्या पोराचं पान पोरगं परत येईस्तवर बंद करायचं न्हाई. तेवडं तुमच्या सायबाला इचारा."

कंपनीचा मुलगा व्हरांड्यात जाऊन फोनवर बराच वेळ बोलत होता. परत आला तेव्हा ओशाळला होता. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आधीपासूनच होती, एक खूण करायची असते, की हे खातं बंद करू नये. ती करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हेडमास्तरांनी संधी साधून आमच्या शाळेसाठी दोन जाडे लॅपटॉपही मागून घेतले. सोमवारी सगळ्यांचे शब्द बदलले. दुपारच्या खिचडीपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक झाले होते. फक्त तिचा नवा शब्द मी माझ्याजवळ ठेवला. तिचं पान थांबलं आणि मुलं दर मंगळवारी, बुधवारी माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं, बंद पडणार नाही, आता ती आल्यावरच लिहील. त्यांना ते फारसं पटलं नाही.

मग वाट बघणं. पाडवा झाला. पळस फुलून गेला. कडक उन्हात वाडीची वाट पांढरी दिसायला लागली आणि मी खिडकीत बसून तिच्याकडे बघत राहायची. मला कुणी हटकलंही नाही. एक ट्रक आला, त्यात तिची माणसं नव्हती. उतरलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ते मागून येतील, त्या पोरीसाठी कुणी विचारायला आलं होतं म्हणे. मी त्या दिवशी मुलांवर विनाकारण ओरडले. घरी जाताना पौडला स्कूटर थांबवून पाणी प्यायले, आणि तिथेच थोडी रडले. एका सहावीतल्या मुलीसाठी आपण असं रस्त्यावर रडतो याची लाजही वाटली नाही.

परीक्षेच्या आठवड्याआधी ती आली. प्रार्थना चालू असताना व्हरांड्याच्या टोकाला येऊन उभी राहिली. उंच झाली होती, उन्हाने रापली होती, हाताच्या बोटांना भेगा. मी आधी तिचा गळा पाहिला. मोकळा होता. तिला माझी नजर कळली असावी, कारण वर्गात शिरताना ती आपणच म्हणाली, "आई म्हनली, सातवी हुंदे आदी."

मैत्रिणींनी कोठीतून लॅपटॉप आणून तिच्यापुढे ठेवला. मी तिला नवा शब्द सांगितला. भेगा पडलेल्या बोटांनी तिने तो सावकाश लिहिला, आणि पान उघडलं. बाकीची मुलं तिच्या मागे उभी राहिली. ती वाचत गेली. मधेच तिने विचारलं, नदी कुणी लिवली? मंगळवारवाली पुढे झाली. "तितं टँकर यायचा," परत आलेली म्हणाली आणि पुन्हा वाचू लागली. बाहेर ऊन होतं, वर्गात गार होतं, एखादं माणूस दुसऱ्या कुणाचं आयुष्य वाचतं तशी ती स्वतःचं वाचत होती. जिलेबीपाशी हसली. वाचून झाल्यावर तिने पान पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत वर नेलं.

"लई चांगलं हुतं की माझं," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलावं म्हणून पुढे झाले, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. ती मैत्रिणींकडे वळली होती आणि तिच्या आवाजात शेताचं काम वाटून देतानाचा सरळपणा होता.

"पुडच्या बारीला लिवताना गनितं बी लिवा गं," ती म्हणाली. "गोष्टी मी वाचीन. पन गनितं ऱ्हायली की मी मागं पडतीय."

त्यांनी माना डोलावल्या. एकीने विचारलं, अपूर्णांक पण? ती म्हणाली, अपूर्णांक तर आधी.

मी फळ्याकडे वळले. खडू हातात घेऊन मला काही वेळ नुसतंच उभं राहावं लागलं, कारण ती पुढच्या वेळी जाणार आहे हे तिने आधीच धरून टाकलं होतं आणि मी अजून धरलं नव्हतं. मग मी अपूर्णांकाचं एक सोपं गणित फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, हे तू स्वतः सोडव.